बी झुवेना गेली वाटतं

आमच्या गल्लीचं नाव काजिफिचेनी, म्हणजे आमच्या बेटावरच्या भाषेत ‘लपून बसा’. नाव ठेवणाऱ्याने ठेवलं खरं, पण इथे काही लपून राहिलेलं मी तरी आजवर पाहिलेलं नाही. कुणाकडे नारळाच्या रसात मासा शिजतोय आणि कुणाकडे कालच्याच रताळ्यांवर भागतंय, हे जेवणाऱ्याच्या आधी शेजाऱ्याला कळतं. गल्ली एवढी अरुंद की दोन भारदस्त बायका समोरासमोर आल्या तर एकीने मागे सरायचं. कोण सरणार यावर मी भांडणं झालेली पाहिली आहेत. अशा ठिकाणी डोळ्यांपेक्षा नाकालाच काम जास्त. आणि या सगळ्या नाकांवर तीस वर्षं राज्य केलं ते माझ्या मावशीने, बी झुवेनाने; बी म्हणजे आमच्याकडचं ‘बाई’.

मावशी किकुबे बांधायची. किकुबा म्हणजे काही मोठं प्रकरण नाही. मोगऱ्याच्या दहा-बारा कळ्या, केवड्याच्या पातीचा नखाएवढा तुकडा, सब्जाचा तुरा, हे सगळं एका दोऱ्यात गुंफून केलेली अंगठ्याएवढी जुडी. ती बायका झग्याच्या आतून, डाव्या खांद्याखाली टाचतात. वरून काळा बुईबुई, म्हणजे आमचा बुरखा, आला की दिसत काहीच नाही. नवरीला तर किकुब्याशिवाय कुणी उभीसुद्धा करत नाही. शहरात किकुबे बांधणाऱ्या पुष्कळ होत्या, आजही आहेत. पण डिसेंबरात उकाड्याचा कास्काझी वारा सुटला, घामाने झगा पाठीला चिकटायला लागला, की जाणत्या बायका आमच्याच दारात यायच्या.

कारण उकाड्यातला वास फक्त मावशीला कळायचा. हे मी भाची म्हणून सांगत नाही. भाची म्हणून सांगायचं तर तिच्या टपल्यांचं सांगितलं असतं, अजून टाळू दुखते. मावशीचं म्हणणं असं की ऊद, कस्तुरी ही थंड दिवसांची, घरातल्या कपड्यांना धुरी देण्याची चीज. उन्हाळ्यात ती अंगावर घेतली की घामाशी भांडायला लागते आणि ते भांडण सगळ्या गल्लीला ऐकू जातं. फूल तसं नाही. फूल घामाशी जमवून घेतं. पण तेही थोडंच हवं, आणि उमललेलं नको. कळी दुपारी तोडायची, मिटलेली असताना. मग ती बाईच्या अंगाच्या उबेने हळूहळू उमलते आणि संध्याकाळी नेमकी तिच्यापुरती दरवळते. “वास बाईच्या पुढे चालता कामा नये,” मावशी म्हणायची. “बाई गेली की मग यावा. तिने मागे वळून दार लावल्यासारखा.”

एकदा बंदराकडची एक श्रीमंत बाई आली. म्हणाली, माझ्या मुलीच्या किकुब्यात लांगीलांगीची घमघमीत फुलं भरपूर घाल, सगळ्या मांडवाला कळलं पाहिजे. मावशीने सुई खाली ठेवली आणि विचारलं, मुलगी हरवलीय का, शोधायचीय का? बाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पण किकुबा नेला तो मावशीने बांधला तसाच.

मावशी स्वतःही रोज एक टाचायची. संध्याकाळच्या नमाजाआधी बांधलेले किकुबे घरोघर द्यायला निघायची. आमच्या दाराबाहेरच्या ओट्यावर कॉफी पीत बसलेले पुरुष वर बघायचेसुद्धा नाहीत. ती वळणापलीकडे गेली की मोगऱ्याची एक झुळूक यायची आणि कुणीतरी म्हणायचं, “बी झुवेना गेली वाटतं.” झालं, मग लोक उठून नमाजाला जायचे. आमच्या गल्लीचं घड्याळच होतं ते.

त्या ओट्यावरची मधली जागा वुआई काकांची, म्हणजे मावशीच्या नवऱ्याची. काका होड्यांची शिडं शिवायचे. नवराबायको दोघंही सुईवर जगणारी, पण काकांची सुई वीतभर लांब आणि जीभ मात्र बोथट. कधी कुणाला दुखावलं नाही त्या माणसाने. त्यांची एकच तक्रार होती, आणि ती त्यांनी ओट्यावर बसणाऱ्या प्रत्येकाला हजारदा ऐकवली होती. घराच्या अंगणात मोगऱ्याचं झाड. मावशीने लग्नात पेंबा बेटावरच्या माहेरून फांदी आणून लावलेलं, आता भिंतीच्या वर पोचलेलं. “आणि मी?” काका म्हणायचे. “तीस वर्षं मोगऱ्याच्या झाडाखाली झोपतोय, पण झाड उमललेलं कसं असतं ते माहीत नाही. दुपारी बाई एकूणएक कळी खुडून नेते. सगळा वास दुसऱ्यांच्या बायकांना. एक फांदी ठेव म्हटलं नवऱ्यासाठी, तर ऐकते का!”

मावशी आतून ओरडायची, फांदी ठेवली तर आठ नवऱ्या बोडक्या जातील. लोक हसायचे. काकाही हसायचे. पण मागायचे मात्र दरवर्षी.

काका गेले ते कास्काझी सुरू व्हायच्या जरा आधी. शीड शिवता शिवता मान खाली गेली ती वर आलीच नाही. मावशी इद्दतीला बसली. विधवेने पाळायचे चार महिने दहा दिवस. पांढरे कपडे, सुरमा नाही, मेंदी नाही, फूल नाही, अत्तर नाही, उंबरठ्याबाहेर पाऊल नाही. मावशीने ते सगळं इतकं काटेकोर पाळलं की अंघोळीला वासाचा साबणसुद्धा नको म्हणाली, कपडे धुवायचा पिवळा साबण आण म्हणाली. मी शेजारच्याच घरात राहायचे. तिचं पाणी भरणं, बाजार, सगळं माझ्याकडे आलं. मी तेव्हा बावीस वर्षांची होते, लग्न व्हायचं होतं, आणि आळशी होते. हे शेवटचं लक्षात ठेवा.

झाडाकडे मात्र कुणाचं लक्ष गेलं नाही. धंदा बंद, मग कळ्या कोण तोडतंय? मी तरी कशाला आपणहून डोक्याला काम लावून घेऊ.

महिना-दीड महिना झाला. उकाडा चढला. आणि एका संध्याकाळी ओट्यावर कॉफी चालली असताना झुळूक आली. कुणीतरी सवयीने बोलून गेलं, “बी झुवेना गेली वाटतं.” आणि मग सगळ्यांचे पेले हवेतच थांबले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रोज दिवस बुडताना वास येई, नेमका तिच्या बाहेर पडायच्या वेळेला. तिसऱ्या दिवशी गल्लीने हिशेब मांडला. विधवा इद्दतीत आहे, आणि फुलं लावून संध्याकाळची बाहेर पडते आहे. चौथ्या दिवशी ती कुठे जाते हेही लोकांना कळलं होतं. पाचव्या दिवशी त्या माणसाचं वय आणि दुकानसुद्धा ठरलं. आपलं ठेवायचं झाकून अन् दुसऱ्याचं बघायचं वाकून, यात आमच्या गल्लीचा हात कुणी धरणार नाही. तिला प्रत्यक्ष पाहिलं मात्र कुणीच नव्हतं. पण पाहायची गरज काय? तीस वर्षं तिला कुणी डोळ्यांनी ओळखलंच नव्हतं.

ही बातमी बी तातूंच्या कानावर गेली. बी तातू म्हणजे काकांची थोरली बहीण, मावशीची नणंद. दोन गल्ल्या पलीकडे राहायच्या, स्वतः अठरा वर्षांपासून विधवा, आणि नवरा गेल्यापासून फुलाला हात लावला नाही याचा त्यांना फार अभिमान. घरात त्यांचाही वाटा होता. त्या दुपारी आल्या, सोबत शेजारच्या दोन म्हाताऱ्या साक्षीला. उंबरठा ओलांडला, नाक वर केलं आणि म्हणाल्या, “माझ्या भावाच्या कबरीवरची माती अजून वाळली नाही, झुवेना.”

मावशी चटईवर बसून तांदूळ निवडत होती. तिने काय झालं विचारलं. बी तातूंनी झालं ते आणि न झालं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, की या घरात नखऱ्याचं मूळ म्हणजे ते झाड. शुक्रवारी नमाज झाला की कोयतेवाला येईल आणि बुंध्यापासून छाटून नेईल. घरात माझा वाटा आहे, मला कुणी अडवू शकत नाही. आणि तू बाहेर पडतेस हे पुन्हा ऐकलं, तर इद्दत संपल्यावर पेंब्याची बोट धरायची.

मला वाटलं, आता मावशी रडेल. दुसरी कुणी असती तर शपथा घेतल्या असत्या, छाती बडवली असती. मावशीने हातातले खडे वेचून बाजूला टाकले, उठली आणि नणंदेच्या अगदी समोर जाऊन उभी राहिली.

“वन्सं, वास घ्या माझा.”

बी तातू मागे सरल्या. मावशी पुढे सरली. म्हणाली, “लाजू नका. गल्लीने घेतलाय, तुम्ही घरच्या आहात. घ्या.”

घ्यावाच लागला. मानेजवळ, खांद्याजवळ. घाम आणि पिवळा साबण, दुसरं काही नाही. बी तातू म्हणाल्या, आत्ता दुपार आहे, आत्ता कशाला लावशील. ते मावशीलाही पटलं असावं, कारण ती अंगणाकडे बघायला लागली. मग एकदम हसली. इद्दतीत पहिल्यांदाच.

“हिदाया,” मला म्हणाली, “किती दिवस कळ्या तोडल्या नाहीस गं?”

मी म्हटलं, तोडायच्या होत्या का?

मावशीने कपाळाला हात लावला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, म्हणाली. मग नणंदेला समजावलं. हे झाड तीस वर्षांत एकदाही झाडावर उमललेलं नाही. म्हणून मोगरा झाडावरून येतो हे गल्लीला ठाऊकच नाही, त्यांच्या लेखी मोगरा म्हणजे मी. कळी दिवस बुडताना फुटते, मी बाहेर पडायची वेळही तीच. वास झाडाचा आहे, बदनामी माझी होतेय.

बी तातूंना हे पटेल तर त्या बी तातू कसल्या. झाडावर ढकलणं सोपं आहे, म्हणाल्या. मावशी म्हणाली, मग पारखून घ्या. उद्या दुपारी माझी भाची एकूणएक कळी तोडेल. संध्याकाळी या दोघीजणी माझ्याजवळ चटईवर बसतील आणि तुम्ही बाहेर भावाच्या ओट्यावर बसा. वास आला, तर झाड तोडा आणि मलाही पेंब्याला पाठवा, मी चकार शब्द काढणार नाही. नाही आला, तर शुक्रवारी कोयतेवाल्याला घरी बसवा, आणि गल्लीला काय सांगायचं ते तुमच्या तोंडाने सांगा.

ठरलं. मावशीने आपली अब्रू, आपलं झाड आणि आपलं घर, तिन्ही गोष्टी माझ्या हाती दिल्या. माझ्या!

दुसऱ्या दिवशी मी दुपारी चढले शिडीवर. मावशी दारात बसून सूचना देत होती. इद्दतीत ती कळीला हात लावणार नव्हती. पांढरी फुगलेली घे, हिरवी सोड, देठाशी धरून पिळ, ओढू नकोस. ऊन डोक्यावर, मुंग्या हातावर, कळ्या संपता संपेनात. दोन टोपल्या भरल्या, त्या शेजारच्या पोराकडून लगेच बंदराकडच्या किकुबेवालीकडे धाडल्या. भिंतीच्या माथ्यावरून एक फांदी पलीकडे गल्लीत वाकली होती. तिथवर हात पोचेना. शिडी बाहेर न्यायची, भर दुपारी गल्लीत लोकांसमोर चढायचं, माझ्या जिवावर आलं. मनात म्हटलं, एका फांदीने काय होतंय. मावशीने विचारलं, सगळ्या झाल्या? मी म्हटलं, सगळ्या.

संध्याकाळी दोघी म्हाताऱ्या येऊन मावशीच्या दोन बाजूंना बसल्या. बी तातू बाहेर ओट्यावर, भावाच्या जागी. पुरुष मंडळी कॉफी घेऊन समोरच्या भिंतीला टेकून उभी, जणू सहज आली आहे. मी दाराच्या चौकटीत, आतही दिसेल आणि बाहेरही. सूर्य बुडायला आला. वास नाही. अंगण कोरडं ठाक. मला जरा हुशारी वाटायला लागली.

आणि मग आला.

हलकाच, पण मोगराच. बाहेरच्या बाजूने. समोर कुणीतरी पुटपुटलं, “बी झुवेना गेली वाटतं,” आणि बी तातू ताडकन उठल्या. मला कळलं होतं ना कुठून येतोय ते. त्या मला ढकलून आत घुसल्या, बुईबुईचं टोक दाराच्या कडीत अडकलं तरी थांबल्या नाहीत. आणि चटईपाशी येऊन उभ्या राहिल्या.

मावशी बसली होती. पांढऱ्या कपड्यांत, दोन म्हाताऱ्यांच्या मधे, जपमाळ हातात. त्यातल्या एकीने सांगितलं, “ही इथून हलली नाही, तातू. नमाजाची चटईसुद्धा मीच उचलून दिली.”

बी तातू वळून परत बाहेर गेल्या. मी मागोमाग. त्या ओट्यासमोर उभ्या राहिल्या, नाक वर केलं आणि नाकामागून डोळे वर गेले. भिंतीवरून वाकलेली ती एक फांदी, तिच्यावर वीस-पंचवीस फुलं, नुकती फुटलेली. खाली बरोबर मधली जागा. वुआई काकांची.

मी म्हटलं, चूक माझी आहे, शिडी आणायचा कंटाळा केला. माझ्याकडे कुणी बघितलंही नाही. बी तातू हळूच त्या जागी बसल्या. एक फूल गळून त्यांच्या मांडीवर पडलं. अठरा वर्षांत फुलाला हात न लावलेली बाई, तिने ते उचलून तळहातावर ठेवलं.

“एक फांदी मागायचा,” त्या म्हणाल्या. “माझ्याकडे यायचा तेव्हाही तेच रडगाणं. मी म्हणायचे, एवढ्याशा गोष्टीचं काय घेऊन बसलास.”

आणि त्या रडायला लागल्या. भाऊ गेला त्या दिवशी लोकांनी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. कॉफीवाल्याने गपचूप पेला त्यांच्या बाजूला ठेवला आणि पुरुष मंडळी नमाजाला निघून गेली, त्या दिवशी जरा लवकरच.

आतून मावशीची हाक आली. तिला बाहेर येता येत नव्हतं, पण ऐकू सगळं जात होतं. तिने मला विचारलं, खोटं का बोललीस. मला वाटलं आता टपली बसणार. मी कारण सांगितलं. मावशीने जपमाळ खाली ठेवली. मग म्हणाली, “राहू दे ती फांदी. बाकीचं झाड रोज तोड.”

शुक्रवारी कोयतेवाला आला. बी तातूंनी त्याला दारातूनच परत पाठवलं, वर शहाळं प्यायला लावलं. मग दारोदार जाऊन सांगितलं की माझी भावजय उंबरठ्यावरसुद्धा आली नाही, आणि ज्याला शंका असेल त्याने माझ्याशी बोलावं. बी तातूंशी बोलायची हिंमत कुणाची होती? त्या माणसाचं वय आणि दुकान ज्यांनी ठरवलं होतं, त्यांनी तर असं काही आपण ऐकलंच नाही म्हणून सांगितलं.

इद्दत संपली तेव्हा मार्च होता. आमच्याकडे मोठा पाऊस एप्रिलात, त्याआधीचे ते दिवस, भिंतीलासुद्धा घाम फुटतो. मावशीने अंघोळ केली, रंगीत कांगा नेसली, दुपारभर गिऱ्हाइकांचे किकुबे बांधले. मी तिच्यासाठी किकुबा बांधून ठेवला होता, माझा पहिला. तिने नाकाजवळ नेला आणि म्हणाली, केवडा केवढा घातलास, माझं लग्न लावायचंय का? सोडला, केवडा काढून टाकला, कळ्या आठच ठेवल्या, सब्जाचं एकच पान. डाव्या खांद्याखाली टाचला. वरून बुईबुई घातला आणि चार महिने दहा दिवसांनी उंबरठा ओलांडला.

मला वाटलं ती गिऱ्हाइकांकडे जाईल. ती तीन पावलं चालली आणि ओट्यावर बसली. मधल्या जागी. आमच्याकडे बायका भर संध्याकाळी ओट्यावर बसत नाहीत. पण ओट्यावरच्या दोघांनी सरकून तिला जागा मोकळी केली. दिवस बुडत आला होता. फांदीवरच्या कळ्या एकेक करून सैल होत होत्या. मावशी मान वर करून बघत होती. तिच्या अंगावरच्या आठ कळ्याही त्याच वेळी उमलत असणार, पण आज वास तिच्या पुढे होता, मागे होता, सगळीकडे होता.

“तीस वर्षं नाही म्हटलं मी त्याला,” ती मला म्हणाली. “आठ नवऱ्या बोडक्या जातील म्हणे. एक फांदी होती गं, हिदाया. चुकलंच माझं.”

मावशीच्या तोंडून हा शब्द मी आधी कधी ऐकला नव्हता, नंतरही नाही. मग तिने डोळे पुसले, टोपली उचलली आणि किकुबे द्यायला निघाली. वळणापलीकडे गेली. नमाजाची वेळ झाली, पण ओट्यावरचं कुणी उठलं नाही. झाडाचा वास येत होता, तिचाही येत होता, आणि ती गेली की आहे हे कुणालाच सांगता येईना.